कोकणातल्या खाडीत होडी, चिखल आणि कांदळाची रोपं – आमचा अनुभव

खाडीतल्या कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, होडीतून सफर करायला जाणार असाल तर सगळ्यात आधी एकच सांगते, भरतीची वेळ विचारून मगच निघा. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं की खाडीतली सफर काय दिवसभर चालू असते, कधीही जा, म्हणून आम्ही निवांत नाश्ता करून दहाच्या सुमारास धक्क्यावर पोचलो तर समोर पाणीच नाही, लांबपर्यंत नुसता काळा चिखल आणि त्यात दोन होड्या एका अंगावर कलंडून पडलेल्या. सोबत सासूबाई, लेक दहा वर्षांची, नवरा आदल्या दिवशी गाडी चालवून दमलेला, सगळ्यांची तोंडं उतरली. कठड्यावर एक मावशी छोट्या काळ्या पिशव्यांमध्ये चिखल भरत बसल्या होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "खयसून इलात?" कोल्हापूरहून म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या आज ललिता पंचमी ना, पाच पाऊण पावणेचार, इथे त्याच्या थोडी आधीच भरती भरते, तुम्ही दोनला या, होडी काढू.

हा हिशोब मला माहीत नव्हता, सासूबाईंना मात्र लगेच कळला कारण त्यांच्या शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घ्यायचे. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती भरती पूर्ण भरायची साधारण वेळ, दिवसातून दोनदा. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. गावागावाप्रमाणे थोडं पुढेमागे होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. कॅलेंडर घरात असेल तर तुम्हीच काढू शकता, हॉटेलवाल्यावर अवलंबून राहायची गरज नाही.

तर ही सफर कोणाची ते सांगते. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावातल्या बायकांचा बचत गट आहे, दोन वल्ह्याच्या होड्या, इंजिन नाही. गावाचं आणि गटाचं नाव मी इथे उघड लिहीत नाहीये कारण त्यांनीच तशी विनंती केली, मागे कोणीतरी व्हिडिओ टाकला आणि एका रविवारी एवढ्या गाड्या आल्या की अर्ध्या लोकांना परत पाठवावं लागलं आणि बोलणीही खावी लागली. मेसेज केलात तर नंबर देते, तेवढं चालेल असं त्या म्हणाल्यात. ज्यांना लगेच जायचंय त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याची मांडवी खाडी आहेच, तिथे स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या) मदतीने कांदळवन सफर सुरू केली आणि त्यांचं बघूनच किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांना हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. मुंबई-ठाण्याच्या लोकांना एवढं लांब यायचं नसेल तर ऐरोलीला वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे, हंगामात तिथून होडीने फ्लेमिंगो दाखवतात. पण बायकांबरोबर चिखलात उतरायचं असेल तर खाली कोकणातच यावं लागेल.

आता मुख्य गोष्ट. दोन वाजेपर्यंत काय करायचं म्हणून आम्ही परत गाडीकडे वळलो तर मावशींनी विचारलं, "चिखलात येतास काय? आमच्यो नांग्यो भरूच्यो आसत." नांग्या भरणं आम्हाला भातामुळे माहीत, लावलेल्यातलं जिथे रोप मेलं तिथे दुसरं लावायचं. इथे तेच काम कांदळाचं, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाचं. पावसाळ्यात शेंगा गोळा करून लावणी झालेली होती, आता गेलेल्या जागी नर्सरीतली रोपं टाकत होत्या. सासूबाई कठड्यावर बसल्या, आम्ही तिघं चपला काढून उतरलो.

पहिल्यांदा पाय टाकला की घाबरायला होतं, गुडघ्यापर्यंत आत जातो आणि चिखल थंड असतो, वर ऊन आणि खाली एकदम गार. पाय ओढायचा नाही, टाच आधी उचलायची आणि हळू बाहेर काढायचा, हे त्यांनी दाखवलं. काढला की पच्च असा आवाज येतो आणि एक उग्र वास सुटतो, कुजलेल्या अंड्यासारखा. तो वास म्हणजे घाण नाही, त्या चिखलात हवाच नसते म्हणून तो येतो, आणि म्हणूनच तिवराला, म्हणजे खारफुटीतल्या दुसऱ्या एका झाडाला, जमिनीतून पेन्सिलीसारखी मुळं वर काढावी लागतात श्वास घ्यायला. ती मुळं सगळीकडे उभी असतात, त्यांच्यावर पाय द्यायचा नाही ही एकच गोष्ट मावशींनी जरा कडक आवाजात सांगितली.

कांदळाची शेंग मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. शेवग्याच्या शेंगेसारखी लांब, पण जाड, गुळगुळीत, हिरवी, अंगावर बारीक खरखरीत ठिपके, खालचं टोक टोकदार. खरं तर ती शेंग नाहीच, ते रोपच आहे. बी झाडावर असतानाच रुजतं आणि आईच्या अंगावर लोंबकळत हात-दीड हात वाढतं, मग तयार झालं की गळून चिखलात उभं घुसतं किंवा पाण्याबरोबर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं. मावशींचं वाक्य लेकीने पाठच करून टाकलंय, "ह्येचा पोर पायार उभा रवल्याशिवाय आवस त्येका सोडणा नाय." तयार शेंग कुठली ते ओळखायची खूण म्हणजे वरच्या टोपीखाली पिवळी कड दिसते. कड नसेल तर हात लावायचा नाही, कच्ची तोडली तर जगत नाही. लावताना टोक खाली, एक तृतीयांश आत, बाकी वर. उलटी लावायची चूक लोक करतात म्हणे, मलाही क्षणभर कळलं नव्हतं कुठलं खाली.

लेक उत्साहात पुढे मोकळ्या चिखलाकडे निघाली, तिथे एकही झाड नव्हतं, तिला वाटलं इथेच तर लावायला हवं. मावशी मागून ओरडल्या, "थंय नको गो बाय, थंय आमका मुळे गावतत!" मुळे म्हणजे तिसऱ्या, खायच्या शिंपल्या. ओहोटीला बायका तिथे बसून तिसऱ्या काढतात, थंडीत पक्षी उतरतात ते तिथेच चरतात. तो चिखल रिकामा दिसतो पण रिकामा नाही. शिवाय तिथे पाणी जास्त वेळ उभं राहतं, तिथलं रोप गुदमरून मरतं. कांदळाला भरतीचं पाणी येऊन जाऊन हवं. पहिल्या वर्षी त्यांनीही तिकडे खाली लावली होती, कोणीतरी बाहेरून येऊन सांगितलं होतं की मोकळी जागा भरून टाका, आणि पुढच्या मोठ्या उधाणात जवळपास सगळी गेली. आता कुठे लावायचं हे त्या ठरवतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठे लावायचं नाही हे त्या ठरवतात.

मी इथे थांबून जरा माझं सांगते. आमच्या ऑफिसतर्फे काही वर्षांपूर्वी एका टेकडीवर वृक्षारोपण झालं होतं. सगळ्यांना सारखे टी-शर्ट, खड्डे आधीच खणून ठेवलेले, प्रत्येकाच्या रोपाला नावाची पाटी, फोटो, मग वडापाव आणि बस. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम वाट वाकडी करून बघायला गेले, माझी पाटी होती, रोप नव्हतं. आजूबाजूलाही तसंच, पाट्यांची रांग. ती टेकडी मुळात गवताची होती, तिथे गवतातले पक्षी होते, त्या गवताचा विचार कोणी केला नव्हता हे मला त्या वेळी कळलंही नव्हतं, या चिखलात उभं राहिल्यावर कळलं. पाट्यांची ती रांग बघितल्यापासून झाडं लावायच्या कार्यक्रमांना जाणं मी बंद केलं होतं आणि या वेळीही मनात तीच धाकधूक होती.

लेकीने विचारलंच की माझ्या रोपाला पाटी लावूया ना. मावशी म्हणाल्या, "पाटी लावलास तर भरतीबरोबर जातली, आणि मगे तां प्लॅस्टिक आमकाच येचूचा लागतला." विषय संपला. रोपाची काळी पिशवीसुद्धा ब्लेडने कापून काढून घेतात, मोजून टोपलीत टाकतात आणि परत नेतात. तिघांनी मिळून आम्ही चौदा रोपं लावली. सोबत काम करणाऱ्या गटातल्या दोघी बायकांनी तेवढ्या वेळात किती लावली ते मी मोजलं नाही, पण आमच्या कितीतरी पट.

नंतर हातपाय धुऊन त्यांच्याच एकीच्या घरी जेवण. नवरात्र म्हणून शाकाहारी होतं, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी आणि कसलंतरी कोवळं लोणचं. जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं, आमच्यासाठी त्यांनी ऐनवेळी केलं हा त्यांचा चांगुलपणा, तुम्ही मात्र सांगून जा. आणि तिथेच मी ती वही बघितली, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलेय.

साधी दोनशे पानी शाळेची वही. डावीकडे तारीख आणि जागा, जागेची नावं त्यांचीच, मोडक्या बांधाकडे, आंब्याखाली, म्हाताऱ्याच्या शेताजवळ अशी. मग रकाने, किती लावली, किती जगली, किती गेली, आणि शेवटचा रकाना, कशाने गेली. त्या शेवटच्या रकान्यात पेनाने, पेन्सिलीने, वेगवेगळ्या अक्षरात, म्हशीन खाल्ली, कुर्ल्यांनी कुरतडली, शेवाळ गुंडाळला, उधाण, उधाण, म्हशीन खाल्ली, कळला नाय. "कळला नाय" हे दोन-तीन ठिकाणी होतं. मी आजवर वृक्षारोपणाचे किती आकडे ऐकले असतील, लाखात, कोटीत, पण मेलेलं रोप कशाने मेलं हे कोणी लिहून ठेवलेलं मी पहिल्यांदा बघितलं. होडीच्या पैशातला काही भाग बाजूला काढतात, त्यातून नर्सरीच्या पिशव्या, म्हशी येतात त्या बाजूला जाळी, आणि दर तीन महिन्यांनी दोघींची मोजणीची मजुरी. म्हणजे आपण होडीत बसायचे जे पैसे देतो त्यावर मोजणारं माणूस टिकून राहतं. लावणीचे वेगळे पैसे घेत नाहीत, रोप दत्तक घ्या वगैरे काही प्रकार नाही.

तिवर तोडायला बंदी आहे हे आमच्या ह्यांना माहीत होतं, पण एवढी कडक आहे हे नव्हतं. २००५ साली मुंबई हायकोर्टाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली, भोवतीची पन्नास मीटर जागासुद्धा मोकळी ठेवायची. वनखात्यात कांदळवनासाठी वेगळा कक्ष २०१२ पासून आहे, आणि २०१७ पासून सरकारची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना, ज्यात गावातल्या गटांना खेकडे, कालवं, शिनाणे (हे दोन्ही शिंपल्यांतले जीव) पाळायला किंवा अशी पर्यटनाची होडी घ्यायला अनुदान मिळतं. २०२१ च्या वन अहवालात राज्यात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन दाखवलंय. पण मावशींचं म्हणणं साधं होतं, कोर्टाचा कागद खाडीत येऊन उभा राहत नाही. पूर्वी चुलीसाठी त्या स्वतःच तिवर तोडायच्या, हे त्यांनी अजिबात लपवलं नाही. "आदी आमीच तोडी होताव, आता आमीच राखताव." आता तोडायला कोणी आलं तर होडीतून दिसतं, कारण रोज कोणी ना कोणी खाडीत असतंच.

दोन वाजता पाणी खरंच आलं. सकाळी जिथे आम्ही चालत होतो तिथून होडी गेली, आम्ही लावलेल्या रोपांची फक्त वरची दोन-दोन पानं पाण्याबाहेर. लेक त्यांना हात करत होती. साधारण सव्वा तास फिरवतात. दोघी वल्हवतात, तिसरी बोलते. तिवराचं पान चाटायला लावतात, खारट लागतं, झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, त्यावर कालवं चिकटलेली. पांढरी चिप्पी दाखवली, तिला २०२० मध्ये महाराष्ट्राचा कांदळवन राज्यवृक्ष केलंय, फुलं रात्री उमलतात त्यामुळे आम्हाला खाली पडलेले नुसते केसरच बघायला मिळाले. खंड्या दोन जातींचे दिसले, ब्राह्मणी घार अगदी डोक्यावरून गेली, निवट्या चिखलावर उड्या मारताना तर लेक बघतच राहिली, मासा असून पाण्याबाहेर कसा काय. पाणमांजर नाही दिसलं, काठावर त्याच्या पावलांचे ठसे आणि माशाची खवलं दाखवली. सगळ्यांनाच दिसेल असं त्या सांगतही नाहीत, हे मला आवडलं.

एका वळणावर पाणी इतकं शांत झालं की वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब ऐकू येत होते. तिथे मावशी म्हणाल्या तौक्ते वादळ आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, गावातल्या सगळ्या होड्या इथेच आत आणून झाडांना बांधल्या होत्या. बाहेर समुद्राकडे माड पडले, कौलं उडाली, इथल्या होड्यांना खरचटलंही नाही. एवढं सांगून त्या गप्प झाल्या आणि आम्हीही.

परत येताना धक्क्यावर एक ग्रुप होता, सहा-सात मुलगे, हातात मोठा स्पीकर. सर्वात वयस्कर मावशींनी शांतपणे सांगितलं स्पीकर गाडीत ठेवा, बाटल्या आमच्या टोपलीत द्या, परत आलात की मोजून घ्या. एकाने हुज्जत घातली की आम्ही पैसे भरलेत. मावशींनी लगेच पैसे परत काढून हातात ठेवले. मग ते मुलगेच वरमले, स्पीकर ठेवून आले आणि गेले होडीत. हा प्रसंग मी मुद्दाम लिहितेय कारण पैसे परत करायची तयारी असलेला पर्यटनवाला मी फार बघितलेला नाही. दिवसाला किती फेऱ्या करायच्या हे त्यांचं ठरलेलं आहे, विणीच्या काळात आतल्या एका फाट्यात होडी नेतच नाहीत.

आता कमी काय वाटलं तेही लिहायला हवं. लाइफ जॅकेट सगळ्यांना देतात आणि घातल्याशिवाय होडी हलत नाही, पण लहान मुलांच्या मापाची नव्हती, लेकीला मोठ्यांचंच दोरीने आवळून बांधलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे आधी घ्या, बाकी सगळं नंतर, त्यांनी ऐकून घेतलं, पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर जाण्याआधी फोनवर नक्की विचारा. धक्क्यावर स्वच्छतागृह नाही, गटातल्या एकीच्या घरी जावं लागतं, पाच मिनिटांची चढण आहे, सासूबाईंना त्रास झाला. होडीत चढताना म्हाताऱ्या माणसांना धरायला काही नाही, दोघीजणी हाताने आधार देतात तेवढंच. माहिती मालवणीत भराभर सांगतात, आम्हाला कळलं, पण नागपूरकडच्या एका कुटुंबाला दर वाक्य पुन्हा विचारावं लागत होतं, झाडांची नावं लिहिलेला एखादा साधा कागद दिला तर फार सोपं होईल. नेटवर्क जेमतेम, फोनवरून पैसे जातीलच याची खात्री नाही, रोख ठेवा. माणशी १५० रुपये दिले आम्ही, जेवणाचे वेगळे, आणि मला ते कमीच वाटले, ३०० केले तरी लोक देतील असं मी त्यांना म्हटलं तर म्हणाल्या गावातल्या शाळेची पोरंपण येतात, त्यांना परवडायला हवं.

पाचात किती म्हणाल तर माझ्याकडून साडेचार, अर्धा लाइफ जॅकेटचा कापला.

जाणार असाल तर जुना कपडा आणि टॉवेल घ्या, गुडघ्याच्या वर सहज जाईल अशी पँट, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका कारण कालवांची धार लागते. मुलांना आधी सांगून ठेवा की रोपाला पाटी लावत नाहीत, रडारड नको. सकाळची ओहोटी आणि दुपारची भरती असा दिवस निवडा म्हणजे दोन्ही होतं, पंचमी-षष्ठीच्या आसपास ते बरोबर जुळतं. शक्यतो रविवार टाळा. जानेवारीत त्यांची पुढची मोजणी आहे, आमच्या चौदांतली किती राहिली ते कळवते म्हणाल्यात, मोडक्या बांधाकडच्या पानावर ती लिहिलेली आहेत. आणि फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा त्या खाडीत असतात आणि फोन घरी असतो.